अर्ध्या कार्बनच्या मागावर : हवाई बेटावरची भटकंती

पहिला दिवस : हिलो

हवाई द्वीपसमूहातल्या सगळ्यात मोठ्या बेटाचं नावही हवाईच. घोटाळा नको म्हणून सगळे त्याला बिग आयलंड म्हणतात. इथे येणारे बहुतेक जण लाव्हा नाहीतर समुद्र बघायला येतात. मला एक हिशेब जुळवून बघायचा होता.

कोळसा, तेल, वायू जाळून आणि सिमेंट बनवून माणूस दर वर्षी सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. जंगलतोड धरली की आकडा ४० अब्जांच्या वर जातो. हा सगळा हवेतच राहिला असता तर त्याचं प्रमाण वर्षाला पाच पीपीएमहून जास्त वाढलं असतं. (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमागे किती रेणू, इतकंच.) प्रत्यक्षात वाढ होते अलीकडच्या वर्षांत सरासरी अडीचच्या आसपास. म्हणजे निम्मा माल वाटेतच कुठेतरी उतरतो. कुठे, ते वाचलेलं होतं. पण हवा, पाणी, खडक आणि जंगल ही चारही ठिकाणं एका दिवसाच्या गाडीच्या टप्प्यात असलेलं दुसरं बेट मला तरी माहीत नाही.

सोबत ताई आहे. ती वनस्पतिशास्त्र शिकवायची, त्यामुळे हरवलेला अर्धा झाडांच्या नावावर टाकून ती विमानातच मोकळी झाली. “अरे, त्यात शोधायचंय काय? पानं घेतात,” एवढं बोलून झोपली.

माझ्या खिशात कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं मीटर आहे. विमानात ते १,४००च्या आसपास रेंगाळत होतं. विमानतळाबाहेर आलो आणि चारशेच्या जरा वर येऊन थांबलं. भाड्याच्या गाडीत काचा बंद करून दोघं बसलो, तर मुक्कामी पोचेपर्यंत परत दीड हजार. हौसेला ठीक आहे, पण पन्नासेक पीपीएम इकडेतिकडे करणारं यंत्र हे. शिवाय त्याला एक खोड आहे: काही दिवसांतला सगळ्यात कमी आकडा म्हणजे बाहेरची स्वच्छ हवा असं समजून ते स्वतःला चारशेवर आणून ठेवतं. जगाची सगळी हवाच बदलत गेली तर याला पत्ता लागायचा नाही.

हिलोला वर्षाला तीन मीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि आमच्या वाट्याचा आज पडतोच आहे. खाली येता येता थेंब हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो आणि त्याचं सौम्य आम्ल होतं. अगदी स्वच्छ हवेतल्या पावसाचाही पीएच साधारण ५.६ असतो. (पीएच हे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त.) या आम्लाचं काम पुढे दक्षिण टोकाला बघायचं आहे.

दुसरा दिवस : मौना लोआ, जितकं जाता येईल तितकं

हिलोहून पश्चिमेला जाणारा सॅडल रोड मौना केआ आणि मौना लोआ या दोन ज्वालामुखींमधल्या खिंडीतून जातो. तासाभरात समुद्रसपाटीवरून दोन हजार मीटर. खिंडीपाशी पुऊ हुलुहुलु नावाची झाडांनी भरलेली जुनी टेकडी आहे. चारी बाजूंनी लाव्हा वाहून गेला, टेकडी तेवढी वाचली. तिच्यावर चढून समोर बघत बसलो.

मौना लोआला टोक असं नाहीच. क्षितिजच हळूहळू वर चढतं आणि तसंच हळूहळू उतरतं. नोव्हेंबर २०२२मधला लाव्हा जुन्या तपकिरी लाव्ह्यावर काळ्याकुळकुळीत पट्ट्यासारखा ओळखू येतो. त्याच लाव्ह्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या, ३,३९७ मीटर उंचीवरच्या वेधशाळेकडे जाणारा रस्ता आणि विजेच्या तारा गिळल्या. मोजणी थांबू नये म्हणून उपकरणं काही काळ समोरच्या मौना केआवर हलवावी लागली. पुढच्या मार्चपासून सौर विजेवर मौना लोआवरचं काम थोडंथोडं पुन्हा सुरू झालं. इथून वेधशाळा दिसली नाही. तरीही या दौऱ्यात सगळ्यात जास्त वेळ मी याच न दिसणाऱ्या इमारतीकडे बघत होतो.

मार्च १९५८मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी इथे मोजणी सुरू केली. पहिला आकडा ३१३ पीपीएम. मे महिन्यापर्यंत आकडा थोडा वाढला, मग शरद ऋतूपर्यंत उतरत गेला, मध्ये वीजही जात होती. यंत्र बिघडलंय की हवाच अशी वागते, हे कळायला दुसरं वर्ष उजाडावं लागलं. हवाच तशी वागत होती. उत्तर गोलार्धात जमीन जास्त, झाडं जास्त. उन्हाळ्यात ती कार्बन ओढून घेतात, हिवाळ्यात पालापाचोळा कुजून तो परत सुटतो. मे महिन्यात प्रमाण सगळ्यात जास्त, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सगळ्यात कमी, फरक सुमारे सहा पीपीएम. आणि या चढउताराखाली दर वर्षी थोडी वर सरकणारी रेषा. मे २०२५मध्ये महिन्याची सरासरी पहिल्यांदाच ४३०च्या वर गेली. कारखानदारीच्या आधीच्या काळात ती २८०च्या आसपास होती. १९६४च्या वसंतात पैशांअभावी ही मोजणी काही आठवडे बंद पडली होती, हे वाचून मला आजही चीड येते. त्या काळातला डेटा आता कुठल्याच किमतीला मिळणार नाही.

ताईने विचारलं, “ज्वालामुखीच्या डोक्यावर बसून कार्बन डायऑक्साइड मोजायचा, म्हणजे जरा अतीच नाही का रे?”

शंका रास्त आहे आणि कीलिंग यांनाही ती होतीच. रात्री वारा उतारावरून खाली वाहतो तेव्हा शिखराजवळच्या भेगांमधला वायू यंत्रापर्यंत येतो. तसं झालं की आकडा मिनिटामिनिटाला उड्या मारतो. दुपारी वारा खालून वर येतो आणि जंगलाने कार्बन काढून घेतलेली हवा आणतो. असे तास ओळखून बाजूला ठेवतात. उरतो तो हजारो किलोमीटर समुद्रावरून आलेल्या हवेचा सपाट, शांत आकडा. शिवाय हवेचा प्रत्येक नमुना प्रमाणित वायूच्या सिलिंडरशी ताडून बघतात, म्हणून दशांश पीपीएमपर्यंत विश्वास ठेवता येतो. यंत्राखेरीज काचेच्या निर्वात पात्रातही हवा भरून घेतात. नमुना घेणारा माणूस वाऱ्याकडे तोंड करून जातो, श्वास रोखतो आणि मगच झडप उघडतो. माणसाच्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड चाळीस हजार पीपीएमच्या घरात असतो. एका निष्काळजी श्वासाने नमुना वाया.

हरवलेल्या अर्ध्याची वाटणीसुद्धा अशाच पात्रांमधून निघाली. कीलिंग यांचे चिरंजीव राल्फ हवेतला ऑक्सिजन मोजतात. झाड कार्बन घेताना ऑक्सिजन सोडतं, समुद्रात कार्बन नुसता विरघळतो तेव्हा ऑक्सिजन सुटत नाही. जळणामुळे ऑक्सिजन किती घटायला हवा होता आणि किती घटला, या फरकावरून जमिनीचा आणि समुद्राचा वाटा वेगळा काढता येतो. जमीन साधारण तीस टक्के, समुद्र पंचवीसच्या आसपास. ताईला तिचा निम्मा हिशेब मिळाला, पण पूर्ण नाही.

तिसरा दिवस : किलाउएआ

किलाउएआ ज्वालामुखीच्या हालेमाउमाउ विवराच्या काठावर आज लाव्ह्याचं कारंजं नव्हतं. नुसता पांढरा धूर आणि घशात खवखवणारा गंधकाचा वास. तरी कठड्यावर गर्दी होती. जमिनीतून वाफ येते त्या फटींपाशी मीटर धरलं. काच धुरकट झाली, आकडा फारसा हलला नाही. ती बहुतेक पावसाच्याच पाण्याची वाफ, तापलेल्या खडकावरून परतलेली.

इथे उभं राहिलं की कुणालाही वाटेल, कार्बनचा मुख्य कारखाना हाच. पण जगभरचे ज्वालामुखी, समुद्राखालचे धरून, वर्षाला अर्धा अब्ज टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतात. बरेच अंदाज त्याहूनही कमी आहेत. माणसाचे ३७ अब्ज. जे गडगडतं, पेटतं, लाल दिसतं ते हिशेबात किरकोळ निघावं, आणि रोजच्या गाड्या, भट्ट्या, वीजघरं मोठी निघावीत, हे डोळ्यांना पटत नाही. डोळ्यांचा भरवसा धरू नये, असं माझं मत कालच्या टेकडीवरच बनलं होतं. आज ते पक्कं झालं.

हवेतला वाढीव कार्बन ज्वालामुखीचा नाही हे ओळखायचं कसं? कार्बन-१४ची, म्हणजे काळाबरोबर क्षय होत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनची, खूण इथे चालत नाही. जुन्या कोळशात तो उरलेला नसतो, तसा ज्वालामुखीच्या वायूतही नसतो. कामाला येतो कार्बन-१३, नेहमीच्या कार्बन-१२चा जरा जड भाऊ. झाडं हलका कार्बन-१२ पसंत करतात, त्यामुळे झाडांपासून बनलेल्या कोळशात आणि समुद्री जिवांपासून बनलेल्या तेलात १३ कमी. ज्वालामुखीच्या वायूत तो तितका कमी नसतो. हवेतलं १३चं प्रमाण घसरत चाललंय, आणि ऑक्सिजनही घटतोय. ज्वालामुखी ऑक्सिजन जाळत नाही.

दुपारी किलाउएआ इकीच्या विवरात उतरलो. १९५९च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इथे पाचशे मीटरहून उंच लाव्ह्याची कारंजी उडाली आणि खाली लाव्ह्याचं तळं साचलं. आता त्या गोठलेल्या तळ्यावरून पायवाट जाते. भेगांमधून अजून वाफ येते. ताई दोन पावलं चालायची आणि गुडघ्यावर बसायची. खडकावर राखाडी, मखमलीसारखं दगडफूल; भेगेत नेचा; आणि मधूनच कमरेएवढं ओहिआचं झाड, लाल झुपकेदार फुलांसकट. माती म्हणावी तर चिमूटभर. झाडाचं लाकूड कोरडं केलं तर जवळपास निम्मं वजन कार्बनचं, आणि तो सगळा हवेतून आलेला. ताईने बोटाने एका ओहिआचं खोड मोजलं, तिच्या अंगठ्याएवढं होतं. मी म्हटलं, साठेक वर्षांत सगळ्या विवराने एवढंच जमवलं. ती म्हणाली, “नत्र नाही इथे. कार्बन हवेत कितीही असू दे, नत्र आणि पाणी नसेल तर झाड करणार काय?” हवेत कार्बन वाढला की झाडं आपोआप वाढतील, असं मानणाऱ्यांना या तळ्यावरून एकदा चालवत न्यायला हवं.

चौथा दिवस

पाऊस, धुकं आणि पायांत गोळे. दुपारी समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्याने कड्यापर्यंत जाऊन आलो. २०१८मध्ये याच किनाऱ्याच्या पूर्वेकडे लाव्हा समुद्रात पडत राहिला आणि पाण्यावर हिरवं शेवाळ फुललं, इतकं की उपग्रहातून दिसलं. लाव्ह्यात नत्र नसतं. लाव्ह्याने खोलवरचं पाणी तापवलं, ते वर आलं आणि येताना नत्र घेऊन आलं, असं नमुन्यांवरून निघालं. त्याच लाव्ह्याने कापोहोची उथळ प्रवाळतळी पुरती गाडून टाकली. एकाच लोंढ्याने समुद्रातलं एक जीवन पोसलं आणि दुसरं गाडलं.

पाचवा दिवस : पापाकोलेआची हिरवी वाळू

का लाए हे बेटाचं दक्षिण टोक. तिथून लाल धुळीच्या चाकोऱ्यांतून चालत गेलं की अर्धी ढासळलेली टेकडी लागते आणि तिच्या कुशीत हिरवट किनारा. वारा इतका की कानात बोलावं लागत होतं.

वाळू तळहातावर घेतली. काळे दाणे लाव्ह्याचे, पांढरे कवचांचे, आणि बहुसंख्य बाटलीच्या काचेसारखे हिरवे. तो ऑलिव्हिन. टेकडीतून लाटा सगळंच खणून काढतात, पण ऑलिव्हिन जड असल्यामुळे मागे राहतो. (वाळू परत ठेवली. इथून ती न्यायला बंदी आहे, आणि ते बरंच आहे.)

ऑलिव्हिन म्हणजे मॅग्नेशियम, लोह आणि सिलिका. पहिल्या दिवशीचं ते पावसाचं आम्ल अशा खडकाला भिडलं की खडक विरघळतो, मॅग्नेशियम पाण्यात उतरतं आणि हवेतला कार्बन बायकार्बोनेट (पाण्यात विरघळून राहणारं कार्बनचं रूप) होऊन पाण्याबरोबर समुद्रात जातो. मॅग्नेशियमच्या शुद्ध ऑलिव्हिनचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडचे चार रेणू असे अडकवू शकतो. पृथ्वी तापली की पाऊस वाढतो, झीज वाढते, कार्बन जास्त ओढला जातो. गारठली की उलट. लाखो वर्षांच्या मापाने पृथ्वीचं तापमान आटोक्यात ठेवणारी यंत्रणा ती हीच.

पण तिचा वेग बघा. सिलिकेट खडकांची ही झीज वर्षाला जेवढा कार्बन ओढते तो आपल्या जळणाच्या टक्का-दोन टक्क्यांच्या घरातला. हरवलेल्या अर्ध्यात खडकांचं नाव दशांशानंतर येतं. असा खडक दळून शेतांत किंवा किनाऱ्यांवर पसरावा म्हणजे झीज वाढेल, असे प्रयोग चालू आहेत. कल्पना रसायनाच्या दृष्टीने पक्की आहे. खाणकाम, दळण आणि वाहतूक यांत किती कार्बन जातो, ते वजा करून काय उरतं, हे जागोजागी मोजावं लागणार. मला हा भाग दुर्लक्षित वाटतो. दळलेला खडक विकणाऱ्याने तो हिशेब आधी दाखवावा.

सहावा दिवस : कोना

पश्चिम किनारा कोरडा, पाणी स्वच्छ. काहालुऊच्या उथळ खाडीत तोंड बुडवून तरंगत राहिलो. आधी आवाज येतो, करकर, करकर. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी मेलेलं प्रवाळ खरवडतो, त्यावरचं शेवाळ खातो आणि चुनखडीचा चुरा मागून सोडतो. समोरच्या माशाने पांढरा धुरळा सोडला तेव्हा मला तोंडात नळी असताना हसू आलं. इथली पांढरी वाळू बऱ्याच अंशी अशीच तयार झालेली.

प्रवाळ चुनखडी बनवतं म्हणजे कार्बन डायऑक्साइड कमी करतं, असा सरसकट समज आहे. त्या क्षणी होतं उलटंच. बायकार्बोनेटच्या दोन रेणूंतला एक चुनखडीत जातो, दुसऱ्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो. समुद्र हवेतला कार्बन घेतो तो मुख्यतः विरघळवून. त्यासाठी पाण्यातलं कार्बोनेट खर्ची पडतं, आणि तेच कार्बोनेट प्रवाळाला हवं असतं. जितकं जास्त घ्यावं तितकी पुढे घेण्याची ताकद कमी: रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस या शास्त्रज्ञांनी १९५७मध्ये हा मुद्दा मांडला होता. वरच्या पाण्याचा पीएच कारखानदारीपासून सुमारे ८.२वरून ८.१वर आलाय. आकडा किरकोळ दिसतो, पण आम्लता त्याने जवळपास तीस टक्के वाढते. या किनाऱ्यावरची जुनी प्रवाळं बरीच मेलेली, तपकिरी. ते मात्र आम्लाचं नाही, २०१५च्या उष्ण पाण्याचं काम. त्या एका लाटेत इथलं निम्म्याच्या आसपास प्रवाळ गेलं.

संध्याकाळी केआहोले टोकाजवळच्या संशोधन केंद्राकडे गेलो. तिथे समुद्रात सुमारे ९०० मीटर खोलवर टाकलेल्या नळातून पाणी वर आणतात. हात धरला, पाच-सहा अंशांचं पाणी, बोटं बधिर. बाहेर कडक ऊन. या पाण्याचा पीएच ७.६च्या आसपास, कारण वरून पडलेला जैव कचरा खाली कुजतो आणि त्याचा कार्बन या पाण्यात साठतो. समुद्रात एकूण ३८ हजार अब्ज टनांच्या आसपास कार्बन आहे, हवेत नऊशे अब्ज टन. जागा आहे, पण दारं अरुंद आहेत. वरचं पाणी खाली आणि खालचं वर, ही फेरी पॅसिफिकच्या तळाशी हजार वर्षांच्या घरात जाते.

सातवा दिवस : कोहाला

बेटाचं उत्तर टोक सगळ्यात जुनं. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत माती दिसते, पुरुषभर उंच, लालसर. किलाउएआच्या चिमूटभर मातीनंतर ती श्रीमंत वाटते. ताई दरडीला नाक लावून उभी होती.

या द्वीपसमूहात तीनशे वर्षांपासून चाळीस लाख वर्षांपर्यंतच्या मात्या एकाच प्रकारच्या खडकावर सापडतात, म्हणून अभ्यासकांनी त्या ओळीने तपासल्या. १९९७मध्ये निकाल छापून आला: पहिल्या दीड लाख वर्षांपर्यंत मातीतला कार्बन वाढत जातो, नंतर घटतो. कारण झाडं कमी होतात हे नव्हे. तरुण ज्वालामुखीय मातीत अर्धवट घडलेली, स्फटिक न बनलेली खनिजं असतात. ती सेंद्रिय कार्बनला घट्ट धरतात. वय वाढलं की ती स्फटिक बनतात आणि पकड सुटते. कोहालाची माती नेमकी त्या शिखराजवळची.

“म्हणजे पानांनी घेतलेलं सांभाळायचं काम दगडाचंच,” ताई म्हणाली. एवढ्यावरच ती तह करेल असं मला वाटलं नव्हतं.

तिच्या तीस टक्क्यांची हमी मात्र कुणी दिलेली नाही. २०२४मध्ये मौना लोआवरची वार्षिक वाढ साडेतीन पीपीएमच्याही वर गेली, मोजणी सुरू झाल्यापासूनची सगळ्यात मोठी. दुष्काळ आणि वणव्यांमुळे जमिनीने त्या काळात नेहमीइतकं घेतलं नाही.

पोलोलूच्या कड्यावर पोचलो तेव्हा ढग उघडले होते. हे बेट स्वतःच्या वजनाने वर्षाला अडीच मिलिमीटर खचतंय. कोहालाच्या समोर समुद्रात, हजार मीटरहून खोल, जुने प्रवाळखडक बुडालेले आहेत. उन्हाच्या पातळीवर राहायला त्यांना वाढीचा वेग पुरला नाही. तळाची भूपट्टी बेटांना घेऊन वर्षाला सात ते दहा सेंटीमीटरने वायव्येकडे सरकते. साखळीच्या वायव्य टोकाकडच्या कुरे बेटापाशी पाणी इतकं थंड असतं की त्यापुढे प्रवाळ खचण्याला पुरं पडत नाही. साखळीतला सगळ्यात जुना डोंगर आठ कोटी वर्षांहून जुना आहे आणि रशियातल्या कामचाटकाजवळच्या गर्तेपाशी, म्हणजे भूपट्टी पृथ्वीच्या पोटात घुसते त्या खोल चरापाशी, पोचलाय. गर्तेत गेलेल्या चुनखडीतला काही कार्बन तिथल्या ज्वालामुखींतून परत हवेत येतो, काही खोल प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या थरात, जातो. किती परत येतो आणि किती राहतो, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. किलाउएआच्या धुरातला कार्बन मात्र बहुतेक प्रावरणातूनच आलेला, गर्तेच्या वाटेने नाही. पाठ्यपुस्तकांतल्या कार्बनचक्राच्या त्या सुबक गोल चित्रात सगळे ज्वालामुखी एकाच बाणावर टांगलेले असतात, ते सोडून द्यावं.

विमान रात्रीचं होतं, कोनाहून. ताईला दरडीतल्या मातीचे आणखी फोटो हवे होते, म्हणून जाताना परत तिथेच थांबलो.